आप्पांची फियाट आणि माझं शिकाऊ लायसन

आमच्या घरची पहिली गाडी म्हणजे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी. सोलापुरात तिला सगळे फियाटच म्हणायचे, आम्हीही. मूळची इटलीची फियाट अकराशे डी, ती इकडे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स बनवायची. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. पुढचं सीट सलग एकच, त्यावर तिघं आरामात बसत. पुढच्या दारांना लहान त्रिकोणी काचा होत्या, त्या तिरक्या केल्या की वारा थेट तोंडावर यायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या काचांइतकी उपयोगाची दुसरी वस्तू त्या गाडीत नव्हती.

आप्पांनी ती १९८६ मध्ये सदर बझारातल्या एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली. साखर पेठेत आमचे आठ यंत्रमाग होते; टॉवेल निघायचे, सीझनला चादरी. गाडी घेतली ती फिरायला नव्हे. मागचं सीट उचलून घरात ठेवलं की टॉवेलचे गठ्ठे आत बसत आणि डिक्कीत सुताची बाचकी. रविवारी सीट परत जागेवर जायचं आणि मग ती आमची गाडी व्हायची. सीटच्या फटींत सुताचे तुकडे कायम अडकलेले असत. कितीही झाडलं तरी संपत नसत.

घरात गाडी चालवणारे एकटे आप्पा. त्यात काही अडचण आहे असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. ते आलं ३० सप्टेंबर १९९३ ला. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका संपवून लोक नुकते घरी येऊन पडले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सोलापूर हललं. फडताळातली भांडी खाली आली, सगळी गल्ली रस्त्यावर. किल्लारी, सास्तूर ही नावं उजाडल्यावर ऐकली. दुपारपर्यंत जखमींना घेऊन गाड्या सोलापूरच्या सिव्हिलकडे यायला लागल्या होत्या. आप्पांनी गोदामातल्या होत्या तेवढ्या चादरी गाडीत भरल्या आणि उमरग्याकडे निघाले. रात्री परतले, पहाटे पुन्हा गेले. पेठेतल्या इतर कारखानदारांनीही माल काढून दिला होता, तो न्यायला गाड्या आणि गाडी चालवणारी माणसं कमी पडत होती. आमची गाडी होती, पण तिला माणूस एकच. असे काही दिवस गेल्यावर एका रात्री आप्पा फार उशिरा आले. येताना डोळे मिटायला लागले म्हणून नळदुर्गाजवळ रस्त्याकडेला गाडी लावून झोपले होते. आईनं ताट वाढलं आणि एवढंच म्हणाली, "घरात अजून एकाला गाडी यायला पाहिजे."

भाऊ तेव्हा सातवीत होता. मला डिसेंबरात अठरा पूर्ण होणार होती. आप्पांनी जेवता जेवता माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "शिकतीस का?" त्या प्रश्नात मुलगी-मुलगा असा काही विचार नव्हता. घरात कोण उपलब्ध आहे, एवढाच हिशोब. मला तो हिशोब आजही फार मोलाचा वाटतो, कारण आमच्या गल्लीत तोवर एकही बाई चारचाकी चालवत नव्हती आणि आप्पांनी त्यावर एक वाक्यसुद्धा खर्च केलं नाही.

वाढदिवस होताच विजापूर रस्त्यावरच्या आरटीओत गेलो. वयाच्या पुराव्याला शाळा सोडल्याचा दाखला, फोटो, अर्ज. मग चिन्हांची तोंडी परीक्षा: तांबड्या वर्तुळातली चिन्हं म्हणजे हुकूम, त्रिकोणातली म्हणजे सावधगिरीची सूचना, निळ्या चौकोनातली माहितीची. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसनची परीक्षा निदान तीस दिवस झाल्याशिवाय देता येत नाही, हे तिथंच कळलं. शिकाऊ माणसाशेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसलाच पाहिजे आणि गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर तांबडा एल. आईनं टॉवेलच्या पांढऱ्या कापडावर तांबड्या सुतानं तो एल शिवून दिला. स्टिकर मिळत होते, पण आमच्या घरात कापड सोडून दुसरं काही आणायची रीतच नव्हती.

लायसन हातात आलं आणि गड्डा सुरू झाला. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज, अक्षता, होमविधी. होम मैदानावर पाळणे आणि दुकानं. आप्पांना मला शिकवायचं होतं ते होम मैदानावरच, कारण शहराच्या मधोमध एवढी मोकळी जमीन दुसरी नव्हती. म्हणून यात्रा उठेपर्यंत थांबलो. तो वेळ वाया गेला नाही. आप्पा रोज संध्याकाळी कारखाना बंद झाल्यावर मला गाडीत बसवायचे, इंजिन बंद ठेवून. "क्लच दाब. पहिला. सोड. क्लच दाब. दुसरा." जमिनीवरच्या गिअरचा नकाशा आडवा असतो, हा उभा, दांडा स्वतःकडे ओढायचा, वर-खाली करायचा, मग पुढं ढकलून पुन्हा वर-खाली. हात बसला तसं ते म्हणाले, आता डोळे मिटून कर.

डोळे मिटण्यामागं त्यांचा विचार होता आणि तो मला कारखान्यातूनच समजत होता. माग चालू असताना आत बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. तरीही आप्पांना दारात उभं राहून कळायचं की तिसरा माग चुकतोय. धोटा, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा तुकडा, पेटीत नीट बसत नसला की ठोका बदलतो. पट्टा सैल झाला की लय ढिली पडते. बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत तुटलं की आवाजातलं काहीतरी हलकं होतं. कामगारांनाही हे यायचं. अक्का, ऐका की, म्हणून तेही मला दाखवायचे. आप्पांचं म्हणणं, यंत्र बघायचं नसतं, ऐकायचं असतं. बघायचा रस्ता. नजर गिअरच्या दांड्याकडे गेली की रस्त्यावरची सुटते, म्हणून हात आणि कान आधी तयार पाहिजेत.

यात्रा उठली, मैदान मोकळं झालं आणि पहाटे आम्ही तिथं जायला लागलो. थंडी असायची, इंजिन गार. चोकचा, म्हणजे गार इंजिनाला पेट्रोल जास्त देणारा, नॉब ओढायचा, सेल्फ मारायचा, इंजिन पकडलं की चोक हळूहळू आत सोडायचा. किती सोडायचा ते पुन्हा कानावर. चोक जास्त राहिला तर इंजिन घुसमटल्यासारखं जड चालतं, घाईनं आत ढकलला तर फडफडून बंद पडतं. मधली जागा सापडली की आवाज गोल होतो. "गोल" हा आप्पांचा शब्द. त्या आवाजाला दुसरं विशेषण मला आजपर्यंत सापडलं नाही.

क्लच सोडायला शिकले ती रीतही सांगते, कारण ती मला उत्तम वाटते. आप्पांनी अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावूच दिला नाही. सपाट जमीन, पहिला गिअर, इंजिन नुसतं आयडलवर. क्लच इतका सावकाश सोडायचा की गाडी बंद न पडता आपल्या आपण चालायला लागली पाहिजे. क्लच पकडायला लागतो त्या क्षणी इंजिनाचा आवाज थोडा खाली उतरतो. तो उतरलेला आवाज ऐकायचा आणि पाय तिथंच धरायचा. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडी चालण्याच्या वेगानं जायची. मग थांबायचं आणि पुन्हा तेच. रेस देणं त्यांनी पुष्कळ उशिरा शिकवलं. मी नंतर कितीतरी लोकांना गाडी शिकताना पाहिलं. बहुतेक जण आधी रेस देतात आणि मग क्लच सांभाळत बसतात. आप्पांचा क्रमच बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे.

त्या गाडीत दुसरा, तिसरा, चौथा हे गिअर चालता चालता सहज पडत, पण पहिल्याला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत दात अलगद जुळवून देणारी सोय, नव्हता. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायला गेलं की दातांचा कर्रकर्र आवाज. यामुळं एक सवय लागली: गर्दीत गाडी हळू झाली तरी दुसऱ्यावरच हाफ क्लचनं सांभाळायची, नाहीतर सरळ थांबायचं आणि पहिला घ्यायचा. नवी पेठेतून किंवा मधल्या मारुतीच्या बोळातून जाताना हा निर्णय सतत घ्यावा लागायचा. थांबायचं की रेंगाळायचं? तो घेण्यासाठी पुढच्या चार-पाच सायकली, एक हातगाडी आणि एक टांगा यांचं काय चाललंय ते आधी ओळखावं लागायचं.

चाचांबद्दल लिहायला पाहिजे. विजापूर वेशीजवळ त्यांचं छोटं गॅरेज होतं. आप्पांनी मला मैदानावर नेलं त्याच आठवड्यात त्यांच्याकडेही नेलं आणि म्हणाले, हिला बॉनेटच्या आतलं सगळं दाखवा. चाचांनी मान डोलावली. "बेटी, पहले हात काले कर," म्हणाले आणि डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या डबीचं, झाकण काढून माझ्या हातात दिलं. त्यातले सी.बी. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे टोक, ते जळून काळे कसे पडतात, पॉलिश पेपरनं कसे घासायचे, फीलर गेजची पाती घालून फट कशी बघायची. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघायचा: फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक, काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, पांढुरका असेल तर कमी. कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक भोक, फुंकायचं, तारेनं कधी टोचायचं नाही, कारण भोक जरा जरी मोठं झालं तरी हिशोब बिघडतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. फॅनबेल्ट अंगठ्यानं दाबून बघायचा. चाचा हे सगळं करता करता सांगायचे, कधी मराठीत, कधी दखनीत, आणि दर वेळी आधी विचारायचे, "आवाज कैसा आ रहा था?" मी जे काही सांगेन ते ते मनापासून ऐकायचे. अठरा वर्षांच्या मुलीनं केलेलं आवाजाचं वर्णन ऐकून त्यावरून दुरुस्ती सुरू करणारा मिस्त्री मला नंतर भेटला नाही.

मैदानानंतर होटगी रस्ता, विमानतळाच्या बाजूचा. तिथं पहिल्यांदा चौथा गिअर पडला. मग आसरा, विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव, सात रस्ता. सात रस्ता हे ठिकाण शिकणाऱ्यासाठी उत्तम आहे. कुठूनही कुणीही येतं, त्यामुळं नजर फिरती ठेवावीच लागते. आप्पा शेजारी बसलेले, हात मांडीवर, बोलणं जवळपास नाही. ते ओरडले नाहीत कधी. एखादा सायकलवाला अगदी जवळून गेला तरी ते फक्त "बघितलास ना त्याला?" एवढं विचारायचे आणि मी हो म्हणाले की विषय संपायचा. शिकवणाऱ्याचा आवाज चढला की शिकणाऱ्याला इंजिनाचा आवाज ऐकू येईनासा होतो. ही साधी गोष्ट कितीतरी वडिलांना कळत नाही.

सोलापूर सपाट आहे, चढ शिकायचा कुठं? त्यासाठी रेल्वेचे पूल. भैय्या चौकाजवळचा जुना, इंग्रजांच्या काळातला पूल अरुंद आणि चढाचा होता. सकाळच्या पाळीची माणसं सायकलवरून उतरून हातानं सायकली ढकलत वर जात. आप्पांनी मला पुलाच्या चढावर बरोबर मधोमध थांबायला लावलं. हँडब्रेक ओढायचा, पहिला टाकायचा, क्लच सोडत इंजिनाचा आवाज उतरेपर्यंत यायचं, थोडी रेस, गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटलं की हँडब्रेक सोडायचा. गाडी बोटभरही मागं जाता कामा नये, कारण मागं सायकल धरून माणूस उभा आहे. ते डोक्यात पक्कं होतं. मला चढाची भीती वाटली नाही ती याच कारणानं: काय ऐकायचं ते आधीच ठाऊक होतं.

उन्हाळा लागला आणि गाडीचं वागणं बदललं. मार्च संपता संपता सोलापुरात दुपारी चाळीसच्या वर पारा जातो, मे महिन्यात त्याहून बराच वर. तेव्हाच्या सगळ्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांना या उन्हाचा एक त्रास होता. पेट्रोल टाकीतून कार्बोरेटरपर्यंत आणणारा पंप इंजिनाच्याच अंगावर बसवलेला असायचा. इंजिन तापलं, त्यात बाहेर असं ऊन, की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. पंप पातळ पेट्रोल ढकलायला केलेला, वाफ त्याच्यानं ढकलली जात नाही. इंजिन उपाशी राहतं. चाचा त्याला एअर धरली म्हणायचे. गंमत म्हणजे गाडी चालती असेपर्यंत बहुतेक वेळा काही होत नाही, कारण थंड पेट्रोल सारखं येत असतं आणि पंख्याचा वारा असतो. थांबलं की आतली उष्णता साचते आणि मग सुरू होत नाही.

आज्जीला तुळजापूरला जायचं होतं. मे महिना, लग्नसराईचे दिवस, एसट्या भरलेल्या. आप्पा म्हणाले, तू चालव, मी शेजारी बसतो. तुळजापूर सोलापूरहून पंचेचाळीसेक किलोमीटर. हिप्परग्याचा तलाव ओलांडला, उळे गेलं, तामलवाडीला आज्जीला चहा पाहिजे म्हणून थांबलो. दहा वाजले होते आणि पत्रा हात लावू देत नव्हता. चहा झाला, सगळे बसलो, किल्ली फिरवली. सेल्फ चांगला जोरात फिरत होता पण इंजिन पकडत नव्हतं. आप्पा काही बोलेनात. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते समोर रस्त्याकडे बघत होते. म्हणजे हे माझ्यावर सोडलंय, एवढं समजलं.

सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक. पेट्रोल जास्त झालं असतं तर वास आला असता, वास अजिबात नव्हता. बॉनेट उघडलं, पंपाला लांबूनच हात दाखवला तरी धग लागत होती. आज्जीच्या पिशवीत एक जुनं धुवट लुगड्याचं फडकं असायचं, ते मागून घेतलं, हॉटेलातून तांब्याभर पाणी घेतलं, फडकं भिजवून पंपाभोवती आणि नळीवर गुंडाळलं. वाळलं की पुन्हा पाणी. हॉटेलवाल्यानं न मागता दुसरा तांब्या भरून आणला; उन्हाळ्यात त्याच्या दारात अशा गाड्या रोजच थांबत असणार. आज्जी लिंबाच्या सावलीत बसून आई राजा उदो उदो म्हणत होती. थोड्या वेळानं किल्ली फिरवली. इंजिनानं एक आचका दिला, दुसरा दिला आणि पकडलं. फडकं तसंच ठेवून निघालो.

तुळजापूरचा घाट लहान आहे, पण वळणं आहेत आणि वरून उसाच्या, कडब्याच्या गाड्या येतात. दुसऱ्या गिअरवर चढलो. तिसऱ्यावर गेलं असतं की इंजिन ठोकायला लागलं असतं. तो ठोका ऐकू येण्याआधीच गिअर उतरवायचा असतो. उतरताना आप्पांनी एकच गोष्ट सांगितली: ज्या गिअरवर चढलीस त्याच गिअरवर उतर. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ड्रम तापतात आणि पाय दाबला तरी गाडी धरत नाही. इंजिन गाडीला मागं ओढून धरतं, तेव्हा आवाज उंच आणि जरा कुरकुरता येतो. तो आवाज घाटात आला की मला तेव्हापासून निर्धास्त वाटतं.

पक्क्या लायसनची परीक्षा जूनमध्ये झाली, पहिला पाऊस पडून गेल्यावर. निरीक्षक साहेब शेजारी बसले. त्या वेळी हाताचे इशारे दाखवावेच लागत आणि आमच्या गाडीत तर त्यांचाच आधार होता. उजवीकडे वळायचं तर उजवा हात सरळ बाहेर, तळवा पुढं. डावीकडे वळायचं तर तोच हात घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचा. हळू होताना तळवा जमिनीकडे करून हात वर-खाली. थांबताना हात कोपरात वर उभा. स्टिअरिंगला पॉवर नव्हती, त्यामुळं एका हातानं वळण घ्यायला दंडात जोर लागायचा. मागाचं बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, उचलू लागण्याची सवय असल्यानं मला तो लागला नाही. खांबांमधून रिव्हर्स घेतली, चढावर थांबवली, पुन्हा उचलली. साहेबांनी विचारलं, कोणत्या ड्रायव्हिंग स्कूलला होतीस? मी सांगितलं, होम मैदान. त्यांनी सही केली.

त्याच वर्षी गाडीलाही पंधरा वर्षं झाली होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. त्यासाठी चाचांनी ब्रेक, दिवे, हॉर्न सगळं बघून दिलं आणि मी ती गाडी आरटीओत नेली. या वेळी एल नव्हता. आईनं शिवलेली ती दोन कापडं तिनं उसवून ठेवली, टॉवेलचं कापड वाया घालवायचं नाही म्हणून.

लायसन आल्यावर मी काय केलं, तर गठ्ठे पोचवले. कॉलेज सकाळचं, सायकलवर. दुपारी कारखान्यातून माल घेऊन ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, परत येताना सूत. हमाल आधी आप्पांना शोधायचे, मग माझ्याकडून पावती घ्यायला लागले. मागं वजन असलं की गाडी वेगळी चालते: ब्रेक आधी दाबावे लागतात, वळणावर मागचा भाग बाहेर जाऊ बघतो, आणि लीफ स्प्रिंग दबल्यामुळं खड्डा कमी जाणवतो. अशोक चौक, कन्ना चौक, कोंतम चौक या रस्त्यांवर दुपारी विड्यांची टोपली घेऊन कारखान्याकडे निघालेल्या बायांची रांग असायची. मी हॉर्न न वाजवता मागं थांबायचे. त्यातली एखादी वळून बघायची, गाडीत बाई आहे असं दिसलं की दुसरीला कोपर मारायची आणि मग त्या हसून बाजूला व्हायच्या. मला ते हसणं फार आवडायचं. त्यात कौतुक होतं, हे मी खात्रीनं सांगते.

आणि एक रात्र. आप्पा सूत बघायला इचलकरंजीला गेले होते. आमच्याकडच्या एका कामगाराची बायको दिवस भरलेली. मध्यरात्रीनंतर तो सायकलवर धापा टाकत आला, रिक्षा मिळेना. आईनं दार उघडलं आणि वळून फक्त माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी मिळून मागचं सीट उचलून गाडीत बसवलं. जानेवारीची थंडी, गाडी रस्त्यावर उघड्यावर उभी. बॅटरी उतरली असेल का ही काळजी. चोक पूर्ण ओढला, सेल्फ अर्धवट फिरला आणि गप्प. दुसऱ्यांदा मारून बॅटरीचा उरला जीव घालवायचा नव्हता. किल्ली चालू ठेवून दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून धरला. आई आणि तो कामगार मागून ढकलायला लागले, शेजारचे दोघं आवाजानं बाहेर आले तेही लागले. वेग आला तसा क्लच सोडला. गाडी धडधडली, पकडली. गोल आवाज यायला एरवी मिनिटभर तरी थांबायचे, त्या रात्री चोक हातानंच सांभाळत निघाले.

त्यांच्या घरून सिव्हिलपर्यंत मी दर खड्ड्याला दुसऱ्यावर येत होते. मागं आई तिचा हात धरून बसली होती आणि तेलुगूत येतील ते चार शब्द बोलत होती. सिव्हिलच्या दारात इंजिन बंद केलं नाही, पुन्हा सुरू होईल न होईल. उजाडता उजाडता मुलगी झाली. दोघी सुखरूप. आप्पा संध्याकाळी परतले तेव्हा त्यांना गल्लीनंच सांगितलं. ते घरात आले, किल्ली खुंटीवर असायची ती काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि हात-पाय धुवायला गेले. त्यानंतर त्यांनाच गाडी पाहिजे असली की ते माझ्याकडे किल्ली मागायचे.

पुढं गाडी तशीच चालली. १९९९ मध्ये नोंदणी पुन्हा वाढवायची वेळ आली तेव्हा पत्रा खालून गेला होता आणि माल न्यायला आम्ही टेम्पो घेतला होता. मंगळवेढ्याकडचे एक शेतकरी घ्यायला तयार झाले. गाडी त्यांच्या नावावर करायचे एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म भरले, आप्पांनी सह्या केल्या. ते गृहस्थ आप्पांना इंजिनाबद्दल विचारायला लागले, तर आप्पा म्हणाले, तिला विचारा.

मी त्यांना गाडीभोवती फिरवून सगळं सांगितलं. चोक थंडीत पूर्ण, एरवी अर्धा. पहिला गिअर थांबल्यावरच. दुपारी थांबून सुरू झाली नाही तर पंपाला ओलं फडकं, आणि फडकं मी गाडीतच ठेवलंय. ब्रेक दाबला की जराशी डावीकडे ओढते. हँडब्रेकवर एकट्यावर चढाला सोडू नका, चाकाला दगड लावा. ते प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते, शेवटी म्हणाले, "जरा सुरू करून दाखवा की, आवाज ऐकू." मी सुरू केली. त्यांनी बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, हा टिकटिक आवाज टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या सैल फटीचा का? हो म्हणाले. चाचांच्या गॅरेजचा पत्ता लिहून दिला आणि चाचांना निरोप पाठवला, की गाडी आता मंगळवेढ्याची झाली, पण टॅपेट बसवायला तुमच्याकडेच येईल.